अंकुराची वाढ आणि कॅमेऱ्याची झडप

कळी उमलते हे आपण सर्वजण जाणतो. परंतु कळी उमलताना आपण पाहिली आहे, असे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. रात्री मिटलेली असते, सकाळी उमललेली असते. मधल्या घटकांत जे घडले ते आपल्या डोळ्यांसमोर घडूनही आपल्याला दिसलेले नसते. आपला डोळा अतिवेगापुढे जसा हतबल आहे तसाच अतिमंद गतीपुढेही आहे. बंदुकीची गोळी त्याला दिसत नाही आणि वेलीचे चढणेही दिसत नाही. या दुसऱ्या उणिवेवर गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाने जो उपाय शोधला त्याला आज सर्वत्र ‘टाइम-लॅप्स’ म्हणतात. आम्ही त्याला कालसंक्षेप म्हणू. कृती सांगावयास सोपी आहे: ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यावे आणि ती सारी चित्रे सलग, भरभर दाखवावीत. तीन दिवसांचे उमलणे अर्ध्या मिनिटात दिसते.

या चमत्काराविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. रथ पाहणारे सारेच असतात. आसाला वंगण कोणी घातले याची विचारपूस मात्र फारसे कोणी करीत नाही. प्रस्तुत व्याख्यानात आम्हांला त्या आसाचीच विचारपूस करावयाची आहे. कॅमेऱ्यात प्रकाशाला आत घेणारे आणि बाहेर अडविणारे एक दार असते. त्याला शटर म्हणतात. आपण झडप म्हणू. प्रत्येक चित्रासाठी ही झडप एकदा उघडावी लागते व एकदा मिटावी लागते. मग हजारो चित्रे घ्यावयाची तर ती झडप किती दिवस टिकणार, आणि ती न झिजविता हे काम कसे साधावे? प्रश्न कारागिराचा वाटतो. पण त्याचा इतिहास पाहू गेल्यास तो थेट चित्रकलेच्या आणि चित्रपटाच्या उगमापर्यंत नेऊन पोहोचवितो, आणि वाटेत महाराष्ट्रातल्या एका वाटाण्याच्या रोपाशीही गाठ घालून देतो.

प्रथम थोडे गणित. चलच्चित्रात एका सेकंदाला २५ चौकटी दाखविल्या जातात असे धरले तर एका मिनिटाला १५०० चित्रे लागतात. आजच्या आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याची यांत्रिक झडप साधारणपणे एक ते दोन लाख उघडझापींपर्यंत तपासलेली असते. व्यावसायिकांच्या भारी कॅमेऱ्यांत हा आकडा चार-पाच लाखांपर्यंत जातो. एक लाख हा आकडा मोठा वाटतो. लग्नात, मुंजीत, प्रवासात छायाचित्रे काढणाऱ्याला तो आठ-दहा वर्षे पुरेल. पण कालसंक्षेप करणाऱ्याला? एक लाख भागिले पंधराशे. म्हणजे सुमारे सदुसष्ट मिनिटांचे चित्रण झाले की झडपेचे आयुष्य संपले! दर दहा सेकंदांनी एक चित्र घेत अहोरात्र कॅमेरा चालविला तर एका दिवसात ८६४० चित्रे होतात आणि बाराव्या दिवशी लाखाची मजल ओलांडली जाते. हौसेने घेतलेला कॅमेरा एका पंधरवड्यात म्हातारा होतो. या हिशेबातच आमच्या विषयाचे सारे मर्म आहे.

आता मागे वळून पाहू. छायाचित्रणाच्या आरंभी झडप हा प्रकारच नव्हता, कारण तिची गरज नव्हती. १८३८ च्या सुमारास दागेर याने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे जे प्रसिद्ध चित्र घेतले, त्यात रस्ता जवळजवळ ओस दिसतो. गाड्याघोडे, माणसे सारी तेथे होती. परंतु चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत असल्याने हलणारे सारे पुसले गेले. जोड्यांना चकाकी करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक गृहस्थ तेवढा उमटला. अशा काळी भिंगावरची टोपी हाताने काढावी आणि मनात अंक मोजून पुन्हा बसवावी, एवढे पुरत असे. मनुष्याचा हात हीच झडप होती आणि ती झिजण्याचा प्रश्न नव्हता.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचांची कृती सुचविली. त्या काचा सुधारून बाजारात आल्यावर चित्र सेकंदाच्या लहानशा अंशात उमटू लागले आणि हाताची टोपी निरुपयोगी ठरली. स्प्रिंगच्या जोराने उघडणारी व मिटणारी यांत्रिक झडप आली. येथेच झिजेचाही जन्म झाला. जी वस्तू स्प्रिंगने उसळते, वेगाने धावते आणि आपटून थांबते, ती आज ना उद्या थकणारच. स्प्रिंग सैल होते, पडद्याच्या कडा विरतात, पात्यांच्या बिजागऱ्या ढिल्या होतात.

तथापि झडपेवरचा भार हलका कसा करावा, याचा विचार त्याच काळात दोन निराळ्या वाटांनी झालेला दिसतो. पहिली वाट म्हणजे काम वाटून देणे. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज याने धावत्या घोड्याची चित्रे घेतली ती बारा कॅमेऱ्यांनी. प्रत्येक झडप एकदाच उघडली. बारा जणांनी मिळून पालखी वाहावी तसा हा प्रकार. दुसरी वाट अधिक फलदायी ठरली. १८७४ मध्ये शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण व्हावयाचे होते. त्यासाठी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने पिस्तुलाच्या धर्तीवर एक यंत्र करविले. ७२ सेकंदांत ४८ चित्रे घ्यावीत अशी त्याची योजना होती. या यंत्रात झडप उसळत नव्हती. फटी पाडलेली एक चकती संथपणे फिरत होती. फट समोर आली की प्रकाश आत, फट सरली की अंधार. १८८२ मध्ये मारे याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला व उडत्या पक्ष्याची सेकंदाला बारा चित्रे घेतली. त्यातही फिरती चकतीच होती.

चकतीचा लाभ कोणता, तो नीट ध्यानात घेतला पाहिजे. जाते फिरते आणि उखळात मुसळ आपटते. दोन्हींनी धान्याचे काम होते. पण मुसळाला दर वेळी उचलावे लागते, आपटावे लागते, थांबवावे लागते. फिरणाऱ्या चकतीला ना उसळी ना धक्का. ल्युमिए बंधूंच्या १८९५ च्या यंत्रात हीच चकती होती, आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्या हलत्या चित्रांनी नगरवासीयांना थक्क केले त्यांच्यामागेही हीच चकती फिरत होती. फिल्म ओढणारा आकडा मात्र थांबत-थांबत चालतो व तो झिजतो, हे खरे. तरी प्रकाशाच्या दारापुरता प्रश्न चलच्चित्राच्या कॅमेऱ्याने आरंभीच सोडविला होता.

म्हणूनच कालसंक्षेपाचे पहिले प्रयोग चलच्चित्राच्या यंत्राबरोबरच सुरू झाले, यात नवल नाही. जर्मनीत लाइप्झिग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने १८९८ ते १९०० या काळात ट्यूलिपचे उमलणे, लाजाळूच्या पानांची हालचाल, मुळांचे जमिनीकडे वळणे अशी चित्रे घेतली. त्याचा हेतू करमणुकीचा नव्हता. वनस्पती हलतात कशा, हे विद्यार्थ्यांना दाखवावयाचे होते. पुढे १९१० मध्ये इंग्लंडात पर्सी स्मिथ याने ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ हा फुलांच्या उमलण्याचा चित्रपट केला. हा गृहस्थ मूळचा सरकारी शिक्षणखात्यातला कारकून. घरातच त्याने घड्याळी चक्रे व हाताशी आलेले सामान जोडून यंत्रे उभी केली, आणि रात्री यंत्र अडले तर आपल्याला जाग यावी म्हणून घंटाही बसविल्या. कालसंक्षेपात कॅमेऱ्यापेक्षा माणसाची झोप अधिक झिजते, हे त्याच्या घंटांवरून कळते.

आता त्या वाटाण्याकडे वळू. दादासाहेब फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेस गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या कलागृहात चित्रपटाचे काम त्यांनी पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले. डोळे आधीच अतिश्रमाने अधू झाले होते, आणि विम्याची पॉलिसी गहाण पडली होती. सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडण्यास शिकल्या होत्या. पूर्ण लांबीचा चित्रपट काढावयाचा तर भांडवल हवे, आणि भांडवलदाराला केवळ तोंडाने सांगून पटणार नाही. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. तो पाहून नाडकर्णी व देवहरे यांनी कर्ज दिले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. भारतीय चित्रपटसृष्टीचे भांडवल एका वाटाण्याने मिळवून दिले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या चित्रपटाविषयी एक गोष्ट पुस्तकापुस्तकांतून सांगितली जाते. फाळके रोज एक चित्र घेत, असे महिन्याहून अधिक दिवस त्यांनी केले, आणि त्यातून मिनिटाहून थोडा मोठा चित्रपट झाला. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे व आदराने पुढे सांगितली आहे. आदर योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने आदराबरोबर पाटी-पेन्सिलही जवळ ठेवावी. त्या काळी मूकपट साधारणपणे सेकंदाला १६ चौकटी या वेगाने दाखवीत. एक फूट फिल्मवर १६ चौकटी बसतात. म्हणजे एका मिनिटाला ९६० चौकटी व ६० फूट फिल्म. रोज एक चौकट या हिशेबाने महिन्यात तीस चौकटी होतात. त्यांची लांबी दोन फूटही भरत नाही, आणि पडद्यावर त्या दोन सेकंदांच्या आत संपतात! डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच वाटाण्याचा वेल व्हावा, आणि तेवढ्यावर व्यवहारी माणसांनी पैसे काढून द्यावेत, हे संभवत नाही. रोज एकच चौकट घेऊन मिनिट भरावयाचे तर अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि फाळक्यांपाशी तर काही महिनेच होते.

तेव्हा ‘रोज एक चित्र’ आणि ‘एक मिनिट’ ही दोन्ही विधाने शब्दशः एकत्र नांदू शकत नाहीत. मग घडले काय असावे? शक्यता तीन. पहिली ही, की ते दिवसातून अनेक वेळा चित्र घेत असावेत. महिन्यात ९६० चौकटी भरावयाच्या तर दिवसाला बत्तीस; बारा तासांच्या उजेडात वाटून दिल्यास दर साडेबावीस मिनिटांना एक. दुसरी ही, की एका खेपेस एकच चौकट न घेता ते कॅमेऱ्याची दांडी एकदा पूर्ण फिरवीत असावेत. त्या काळच्या दांडीच्या कॅमेऱ्यांत एका फेऱ्याला बहुधा आठ चौकटी सरकत. मग दिवसातून चार फेरे पुरेत. मात्र रोप थोडे अडखळत वाढल्यासारखे दिसेल. तिसरी शक्यता अशी, की घेतलेली एकेक चौकट प्रत छापताना अनेकदा उतरविली असावी. यांपैकी पहिली शक्यता आम्हांला अधिक जवळची वाटते, कारण पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटावयाचा तर वाढ सलग दिसली पाहिजे. ‘रोज एक चित्र’ या वाक्याचा अर्थ ‘रोज, न चुकता’ असा घ्यावा, म्हणजे गोष्ट बरीचशी जुळते.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान तपशिलाचा कीस काढून काय साधले? आमच्या मते पुष्कळ साधले. प्रचलित कथेत फाळक्यांचा चमत्कार दिसतो. गणितात त्यांचे कष्ट दिसतात. दिवसाकाठी एकदा येऊन दांडी हलवून जाणारा मनुष्य निराळा, आणि अधू डोळ्यांनी दिवसभर कुंडीपाशी घिरट्या घालणारा निराळा. थोर पुरुषाभोवती दंतकथा उभी राहते तेव्हा ती त्याला मोठे करते असा आपला समज असतो; येथे तर दंतकथेने त्यांचे श्रम तीसपटीने कमी करून सांगितले आहेत!

फाळक्यांना झडपेची चिंता नव्हती. चकती हजार फेऱ्यांनी थकत नाही. त्यांना चिंता होती ती विलायतेहून मागविलेल्या फिल्मच्या फुटाफुटाची. प्रत्येक काळात कालसंक्षेप करणाऱ्याला काही ना काही जपावे लागते. कोणी फिल्म जपतो, कोणी झोप, कोणी झडप.

मधल्या काळात आणखी एक युक्ती रूढ झाली. झडप हलवूच नये; ती उघडीच ठेवावी, खोलीत काळोख करावा आणि दिवाच क्षणभर लावून मालवावा. प्रकाश आला तेवढे चित्र उमटले. दिवाच झडप झाला. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास लखलखत्या दिव्याची जी पद्धत सिद्ध केली तिचे तत्त्व हेच. त्यांना अतिवेग पकडावयाचा होता, आपल्याला मंदगती; पण दाराऐवजी दिव्याला कामाला लावणे ही कल्पना दोन्हीकडे सारखीच उपयोगी.

झिजेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुन्हा उभा राहिला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी. डिजिटल स्थिरचित्रांचे कॅमेरे हौशी माणसाच्या हाती आले. फिल्मचा खर्च संपला. तेव्हा चित्र फुकट झाले असे सर्वांना वाटले. पण हे कॅमेरे चलच्चित्राच्या वंशातले नव्हते. त्यांच्यात चकती नव्हती. धावणारी पाती होती आणि प्रत्येक चित्राबरोबर वर उसळणारा आरसाही होता. फिल्मचा खर्च दिसत असे म्हणून माणूस जपून वागे. झडपेचा खर्च दिसत नाही म्हणून तो उधळा झाला. अखेरीस एक दिवस झडप अर्ध्यावर अडकली की दुरुस्तीचे बिल सारा हिशेब एकदम सांगते.

यावर जे उपाय निघाले ते वरच्या इतिहासाशी ताडून पाहण्यासारखे आहेत. आरसा आरंभीच वर करून ठेवावा म्हणजे निदान त्याची दगदग वाचते. झडपेचा पहिला पडदा विजेच्या संकेताने व दुसराच तेवढा पात्यांनी चालवावा, असाही एक मध्यममार्ग आहे. त्याने धक्का कमी होतो, पण पाती हलावयाची ती हलतातच. वेग फार मंद नसेल, म्हणजे ढगांचे सरकणे किंवा बाजाराची वर्दळ असेल, तर सरळ चलच्चित्र घ्यावे व मागाहून त्यातली नेमकी चित्रे निवडावीत. तासाभराच्या चलच्चित्रात ९०,००० चौकटी असतात. दर अडीचशेव्या चौकटीवर बोट ठेवले की दहा सेकंदांना एक असे चित्र मिळते, आणि झडप तेवढ्या वेळात ३६० वेळा उघडझाप करण्याऐवजी एकदाच उघडते. भिंगातील छिद्र लहानमोठे करणाऱ्या पाकळ्याही दर चित्राला हलतात. म्हणून ज्याचे छिद्र हाताने एकदाच बांधता येते असे जुने भिंग लावावे. त्याने झीजही वाचते आणि चित्राचित्रांतला उजेडाचा लपंडावही थांबतो.

या सर्वांवर कडी करणारा उपाय म्हणजे झडपच नसणे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशग्राही चकतीची कल्पना मांडली. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे १९९० नंतरच्या दशकात एरिक फॉसम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीमॉस जातीची चकती व्यवहारोपयोगी केली. अशा चकतीला ‘आता मोजावयास लाग’ आणि ‘आता थांब’ असे विजेनेच सांगता येते. दार नाही, कडी नाही, बिजागरी नाही. मग झिजणार काय? २०२१ मध्ये निकॉनने झेड ९ हा यांत्रिक झडप मुळीच नसलेला कॅमेरा बाजारात आणला, आणि २०२३ मध्ये सोनीने सारी चकती एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा जाहीर केला.

परंतु विजेच्या झडपेचेही दोष आहेत व ते लपवू नयेत. बहुतेक चकत्या ओळीमागून ओळ अशा वाचल्या जातात. त्यामुळे वेगाने फिरणारा पंखा वाकडा दिसतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावरचे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंदप्रखर होतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. सुदैवाने कालसंक्षेपातील विषय मुळातच संथ असतो आणि चित्र अर्ध्या-पाऊण सेकंदाचे घेता येते. म्हणजे हे दोष येथे बहुतांशी बोथट होतात.

आता अखेरचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने तोच मुख्य. झडप वाचविण्याचा सर्वांत जुना व सर्वांत खात्रीचा उपाय यंत्रात नाही, तो दोन चित्रांमधले अंतर ठरविण्यात आहे. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का येथील हिमनद्यांसमोर कॅमेरे बसविले. उजेडाच्या वेळी सुमारे अर्ध्या तासाला एक चित्र. वर्षाला एका कॅमेऱ्याची साधारण ८००० चित्रे. या बेताने लाख उघडझापींची झडप बारा वर्षे पुरते. त्या हिमदेशात यंत्रांनी दगा दिला, वेळ सांभाळणारी विद्युत्‌मंडले बिघडली. पण अंतर बरोबर निवडले होते, म्हणून वर्षानुवर्षे मागे हटणारे बर्फ जगाला डोळ्यांनी पाहता आले. हिमनदी मागे जाते हे आकड्यांनी सांगितल्यावर ज्यांना पटत नव्हते त्यांच्यासमोर ती चालत मागे जाताना दिसली. येथे प्रत्येक उघडझाप सत्कारणी लागली.

दर दोन सेकंदांना चित्र घेणाऱ्याला हिमनदी अधिक दिसली असती काय? मुळीच नाही, त्याचा कॅमेरा तीन-चार दिवसांत संपला असता आणि नदी तसूभरही हललेली दिसली नसती. विषय किती हळू चालतो हे ज्याने आधी ओळखले, त्याचे यंत्र टिकते. अंकुराला मिनिटे पुरतात, कळीलाही मिनिटेच पुरतात, ढगाला सेकंद लागतात, हिमनदीला अर्धा तास चालतो. हे जाणण्यासाठी कॅमेऱ्याआधी मनुष्याला त्या वस्तूसमोर बसावे लागते. फेफर बसला, स्मिथ घंटा लावून निजला, फाळके कुंडीभोवती फिरत राहिले.

यांत्रिक झडप आता हळूहळू अस्तास जात आहे. आणखी काही वर्षांनी तिला जपण्याचे हे सारे शास्त्र पुस्तकापुरते उरेल. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. पण तिने माणसाला एक शिस्त लावली होती: प्रत्येक वेळी उघडण्यापूर्वी ‘हे चित्र हवे आहे काय?’ असा प्रश्न ती विचारी. झडप नाहीशी झाल्यावर तो प्रश्न आपला आपणच विचारावा लागेल. ज्यांच्या हाती आज न झिजणारे यंत्र आले आहे त्यांनी निदान एकदा कुंडीत चार वाटाणे पेरून, दर साडेबावीस मिनिटांना एक या हिशेबाने महिनाभर चित्रे घेऊन पाहावीत. फाळक्यांच्या त्या एका मिनिटाची किंमत आमच्या व्याख्यानापेक्षा तो महिना अधिक चांगली सांगेल.